वाळूच्या छिद्रांतलं पाणी एनएमआरने मोजलं, त्याची हकिगत

मे २०२४ मध्ये पीएच.डी.च्या प्रगती समितीपुढे वाळू आणि वालुकाश्मातल्या पाण्याच्या विसरणाचे, म्हणजे रेणूंच्या आपोआप भटकण्याचे, आलेख ठेवले आणि वर्षभर अडलेलं काम एकदाचं पुढे सरकलं. जून २०२३ मध्ये सुरुवात केली तेव्हा माझ्यासारख्या भूशास्त्रातून आलेल्या मुलीला वाचून समजेल असं फारसं काही हाताला लागलं नव्हतं. जे मिळालं ते भौतिकशास्त्रवाल्यांनी एकमेकांसाठी लिहिलेलं होतं. म्हणून जसं घडलं तसं, तारखा आणि खर्चासकट लिहिते आहे. भूजल, माती, सिमेंट, विटा यांवर काम करणाऱ्या कुणालाही एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, अणुकेंद्रकांचा चुंबकीय अनुनाद) यंत्राच्या दारात उभं राहायची वेळ येऊ शकते.

माझा विषय भूजलाचं प्रदूषण. जमिनीत पाणी वाहत असतं तिथे खतातलं नायट्रेट पाण्याबरोबर जातं, ते मोजायच्या पद्धती आम्हाला शिकवलेल्या असतात. पण दगडाच्या बारीक छिद्रांत पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. तिथे विरघळलेला पदार्थ पुढे सरकतो तो रेणूंच्या स्वतःच्या भटकण्यामुळे, म्हणजे विसरणामुळे. हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे दगडाच्या चकतीच्या एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला साधं पाणी, आणि मीठ पलीकडे पोचेपर्यंत वाट पाहायची. घट्ट दगड असेल तर यात महिने जातात. एनएमआरमध्ये मीठ लागत नाही. पाण्याचे रेणू स्वतः किती भटकतात ते थेट कळतं आणि एक मोजमाप तासाभरात होतं.

पद्धत मला समजली ती अशी. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात एका ठरावीक वेगाने फिरतात. क्षेत्र वाढलं की हा वेग वाढतो. मग क्षणभरासाठी असं क्षेत्र लावायचं की नमुन्याच्या एका टोकाला ते जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असेल. याला ग्रेडियंट म्हणतात. त्या क्षणात प्रत्येक रेणूवर तो कुठे होता याचा ठसा उमटतो. थोडा वेळ थांबून तसाच दुसरा ग्रेडियंट लावला की तो ठसा पुसला जातो, पण रेणू जागेवर असेल तरच. मधल्या वेळात तो सरकला असेल तर ठसा पूर्ण पुसला जात नाही आणि इको, म्हणजे नमुन्यातून परत येणारा सिग्नल, क्षीण होतो. इको कमी होण्यात विसरणाचा हात आहे हे एर्विन हान यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं. ग्रेडियंट छोट्या पल्सच्या, म्हणजे क्षणिक झटक्यांच्या, रूपात देण्याची रीत स्टेयस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली आणि आजही त्यांचंच सूत्र वापरतात. ग्रेडियंट पायरीपायरीने वाढवत न्यायचा आणि इको किती घटतो ते टिपायचं. इकोच्या लॉगरिदमचा आलेख ग्रेडियंटच्या वर्गासमोर काढला की सरळ रेघ येते. तिच्या उतारातून विसरण गुणांक मिळतो.

साध्या पाण्याचा हा गुणांक २५ अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे २३०० चौरस मायक्रॉन असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे एका दिशेत रेणू २० मिलिसेकंदांत साधारण १० मायक्रॉन सरकतो आणि एका सेकंदात ७० च्या आसपास. आता वाळूच्या कणांमधली पोकळी १०-२० मायक्रॉनची असेल तर काय होईल? पहिल्या काही मिलिसेकंदांत रेणूला आपण वाळूत आहोत याचा पत्ताच नसतो. पुढे तो भिंतीवर आपटतो, वळतो, अरुंद वाटा शोधतो. आंगणेवाडीच्या जत्रेत पहिली चार पावलं माणूस सरळ टाकतो, पण देवळापासून एसटी स्टँडपर्यंत जायचं तर दुकानांच्या रांगांना वळसे घालावे लागतात, तसं. म्हणून सच्छिद्र पदार्थात विसरण गुणांक असा एकच आकडा नसतो. दोन ग्रेडियंटमधला वेळ, ज्याला सगळे 'मोठा डेल्टा' म्हणतात, तो सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. वेळ वाढवत नेली की गुणांक खाली येतो आणि शेवटी एका पातळीवर स्थिरावतो. सुरुवातीचा उतार छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ सांगतो, शेवटची पातळी वाट किती वळणाची आहे ते सांगते. माझ्या सगळ्या कामाचा गाभा एवढाच आहे, आणि हे नीट कळायला माझा पावसाळा गेला.

नमुने गोळा करणं जूनपासूनच चालू होतं. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात काचकामाची सिलिका वाळू निघते. माझं गाव तिथून जवळ असल्यामुळे ती मिळवणं सोपं गेलं. चंद्रपूरकडच्या गोंडवन वालुकाश्माचे दोन तुकडे विभागाच्या संग्रहात होते, एक फिकट पांढुरका आणि एक लालसर. शिवाय मनापासून मोजायचा होता तो आपला जांभा. कोकणातल्या विहिरी जांभ्यातून जातात, घरं त्याच्याच चिऱ्यांची. गाइड सरांनी तेव्हाच सांगितलं, "जांभ्यात लोह आहे, तो त्रास देणार. आधी काचेच्या मण्यांवर पद्धत बसव, मग वाळू, मग दगड." हा क्रम मोलाचा ठरला. ५० मायक्रॉनचे चाळलेले काचेचे मणी पाव किलोला अडीच हजारांच्या आसपास पडले. त्यांचा व्यास आधीच माहीत असतो, त्यामुळे उत्तर बरोबर आलं की नाही ते लगेच कळतं. अशा नमुन्यावर आधी हात बसवल्याशिवाय दगडाकडे वळू नका.

वाळूची तयारी हे स्वतंत्र प्रकरण आहे. ७५ आणि १०६ मायक्रॉनच्या चाळण्यांमधला भाग घेतला. कोरड्या वाळूवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला निओडिमियम चुंबक फिरवला की काळे कण चिकटून येतात. सिलिका वाळू डोळ्यांना पांढरी दिसली तरी हे कण त्यात असतात. अर्धी वाळू तशीच ठेवली आणि अर्धी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतली, म्हणजे कणांवरचा लोहाचा लेप जातो. नंतर लिटमस बदलेनासा होईपर्यंत पाण्याने धुवायची. दोन्ही भाग वेगळे जपा आणि वेगळे मोजा, कारण आम्लाने पृष्ठभाग बदलतो आणि निसर्गातली वाळू धुतलेली नसते.

पाणी भरताना हवेचे बुडबुडे राहता कामा नयेत. बुडबुड्याभोवती चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि सच्छिद्रताही (नमुन्यातल्या पोकळीचं प्रमाण) चुकीची येते. पाणी उकळून गार करून घ्यायचं, नळीत आधी पाणी आणि मग वाळू चिमटीचिमटीने सोडायची, नळी हलकेच टिचकत राहायचं. दगडासाठी मात्र निर्वात भांडं लागतं. आधी हवा काढायची आणि मग पाणी सोडायचं. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी वजन करायचं. वजनात फरक पडेनासा झाला की दगड भरला. झाकणाला टेफ्लॉनचं बूच वापरा. टेफ्लॉनमध्ये हायड्रोजन नसल्यामुळे त्याचा सिग्नल येत नाही, रबराचा येतो. नळकामाच्या दुकानातली पांढरी टेफ्लॉन टेपही चालते, वीस-तीस रुपयांत मिळते.

ऑगस्टमध्ये यंत्र शोधायला लागले. देशातल्या संशोधन उपकरणांची नोंद असलेलं आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे. तिथे नोंदणी करून 'एनएमआर' शोधलं की रसायनशास्त्रातली मोठी यंत्रं भराभर दिसतात. ४००, ५००, ७०० मेगाहर्ट्झ असे आकडे असतात; आकडा जितका मोठा तितका चुंबक बळकट. प्रत्येक केंद्राचा अर्ज वेगळा, पण मागणी सारखीच. गाइडची सही, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का, विद्यापीठाचं ओळखपत्र, नमुन्यांची संख्या, नमुना विषारी आहे का, किरणोत्सारी आहे का, चुंबकीय आहे का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर लिहा. मी वेगळा कागद जोडून प्रत्येक नमुन्यातल्या लोहाबद्दल जे माहीत होतं ते लिहिलं. त्यामुळेच पुढे ऑपरेटरने फोन करून नळीचा आकार आणि प्रोबबद्दल (यंत्रात नळी बसते आणि सिग्नल टिपला जातो तो भाग) आधी बोलून घेतलं.

पहिली वेळ सप्टेंबरअखेरची मिळाली होती. ती द्रवरूप हेलियम भरायचं असल्यामुळे पुढे गेली. मोठ्या चुंबकांना थंड ठेवायला हे ठरावीक काळाने लागतंच, त्यामुळे प्रवासाचं तिकीट काढण्याआधी हेलियमची तारीख विचारून घ्या. ऑक्टोबरच्या मध्यावर ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर काम झालं. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी दर तासाला सहाशे रुपये, वर १८ टक्के जीएसटी. साध्या पाण्याचं मोजमाप सुरेख आलं. काचेच्या मण्यांचं कसंबसं. वाळूत मात्र सिग्नलची रेघ इतकी पसरली की शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं करणं, करूनही उपयोग होईना. रसायनशास्त्राच्या नमुन्यात जी रेघ एखाद-दोन हर्ट्झ रुंद असते ती इथे हजारो हर्ट्झ झाली होती. जांभ्याच्या तुकड्याचा इको दिसलाच नाही.

त्या रात्री वसतिगृहावर परत येऊन वाचायला बसले तेव्हा मन खट्टू होतं, पण कारण वाचताना स्पष्ट होत गेलं. वाळूचा कण आणि पाणी यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. त्यामुळे प्रत्येक छिद्रात चुंबकीय क्षेत्र थोडं वाकडंतिकडं होतं आणि नमुन्याच्या आतच न मागितलेले ग्रेडियंट तयार होतात. हे आतले ग्रेडियंट बाहेरच्या चुंबकाच्या बळाच्या प्रमाणात वाढतात. ४०० मेगाहर्ट्झचा चुंबक ९.४ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) असतो, टेबलावर मावणारं २० मेगाहर्ट्झचं यंत्र ०.४७ टेस्लाचं. फरक वीसपट. आतल्या ग्रेडियंटमध्ये रेणू भटकल्याने सिग्नल मरतो तो त्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे हा त्रास चारशेपट. रसायनशास्त्रात जितका मोठा चुंबक तितकं चांगलं, हे सगळेच सांगतात आणि त्यांच्या कामापुरतं ते खरंही आहे. दगड-मातीला छोटा चुंबक लागतो. तेलक्षेत्रातले लोक खडकांचे गाभे (विहीर खोदताना काढलेले दंडगोल नमुने) मोजायला २ मेगाहर्ट्झचं यंत्रसुद्धा वापरतात ते याचसाठी. कुणी तुम्हाला आग्रहाने मोठ्या यंत्राकडे पाठवत असेल तर हे वर्गाचं गणित समोर ठेवून आधी छोट्या यंत्राची चौकशी करा.

असं यंत्र शोधण्यात नोव्हेंबर गेला. शेवटी बडोद्याला खडकांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ग्रेडियंटसह २० मेगाहर्ट्झचं यंत्र असल्याचं कळलं. बाहेरच्या विद्यार्थ्यांना तासाला पंधराशे रुपये, जीएसटीसह १७७०. आता पैशांची मंजुरी. लेखा विभागाला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (कामाआधीचं अंदाजी बिल) हवं, त्यावर विद्यापीठाचा जीएसटी क्रमांक हवा, आगाऊ रक्कम द्यायची असेल तर विभागप्रमुखांचं वेगळं पत्र हवं, आणि 'हे मोजमाप आपल्याकडे होत नाही' असा दाखला हवा. हा दाखला कुठून आणायचा हे समजायलाच दोन आठवडे लागले. तो भौतिकशास्त्र विभागाकडून मिळतो. फाइल डिसेंबरच्या सुरुवातीला गेली आणि जानेवारीअखेर परत आली. त्या वाट पाहण्यात सगळ्यात जास्त भीती ३१ मार्चची होती, कारण वर्ष संपलं की आकस्मिक निधीतले पैसे परत जातात. ज्यांना फेब्रुवारीत काम करायचं आहे त्यांनी फाइल दिवाळीआधी हलवावी असं मी कळकळीने सांगेन.

वाट पाहताना एक चांगलं काम झालं. यंत्राच्या वेळेचं गणित मांडलं. एका मोठ्या डेल्टासाठी ग्रेडियंटच्या १६ पायऱ्या, प्रत्येक पायरीला १६ स्कॅन (त्याच मोजणीच्या फेऱ्या), आणि दोन स्कॅनमध्ये १० सेकंद थांबायचं ठरवलं तर जवळजवळ पाऊण तास लागतो. आठ वेगवेगळे डेल्टा घेतले तर एका नमुन्याला सहा तास, म्हणजे साडेदहा हजार रुपये. दोन स्कॅनमधली ही वाट सिग्नल पूर्ववत व्हायला लागणाऱ्या काळावर, टी-वनवर, ठरते. त्याच्या पाचपट थांबायचं असा नियम. साध्या पाण्यात टी-वन तीन सेकंदांच्या आसपास असतो, पण वाळूच्या छिद्रांत भिंतींमुळे तो बराच कमी होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याचा टी-वन आधी मोजून घ्यायचा, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. माझ्या वाळूत तो एका सेकंदाहून कमी निघाला आणि १० सेकंदांच्या जागी ५ सेकंद पुरले. बिल निम्म्यावर आलं.

फेब्रुवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात बडोद्याला गेले. नमुने टिफिनच्या डब्यात स्पंजमध्ये घट्ट बसवून हातात नेले. दारावर दगड आणि लॅपटॉप दोन्हींसाठी गेटपास लागला. पत्राची एक प्रत आधीच ईमेलने मागवून ठेवली होती म्हणून अडलं नाही. यंत्र सांभाळणारे गृहस्थ बडोद्याच्याच एका जुन्या मराठी कुटुंबातले निघाले. माझं नाव ऐकून ते मराठीत बोलायला लागले आणि खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तापमानाचा. "ताई, हा चुंबक ३५ अंशांवर ठेवलेला असतो. नळी आत टाकल्या टाकल्या मोजू नका. वीस मिनिटं द्या तिला."

ते का महत्त्वाचं आहे ते तिथेच पाहिलं. पाण्याचा विसरण गुणांक प्रत्येक अंशाला साधारण अडीच टक्क्यांनी वाढतो. ३५ अंशांना तो २९०० चौरस मायक्रॉनच्या आसपास जातो. नमुना अर्धवट तापलेला असेल तर तापमानाचा फरक छिद्रांचा परिणाम म्हणून वाचला जाईल. म्हणून रोज सकाळी पहिलं मोजमाप साध्या पाण्याचं, त्याच तापमानाला. माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून ग्रेडियंटचं बळ निश्चित करायचं आणि मगच नमुना ठेवायचा. या पाण्याची नळी अरुंद घ्यावी आणि पाणी थोडंच, दीड-एक सेंटिमीटर उंचीचं. रुंद नळीत खालीवर तापमान वेगळं असलं की पाण्यात प्रवाह सुरू होतो आणि विसरण आहे त्याहून जास्त दिसतं.

दुसरी त्यांची मदत पल्सच्या क्रमाची. साध्या क्रमात आपला ग्रेडियंट आणि नमुन्यातला आतला ग्रेडियंट यांची सरमिसळ होते. कॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सुचवलेल्या तेरा टप्प्यांच्या क्रमात ग्रेडियंटचे दोन उलटसुलट भाग करून मध्ये १८० अंशांची पल्स देतात. त्यामुळे ही सरमिसळ बऱ्याच अंशी रद्द होते. मी दोन्ही क्रमांनी लालसर वालुकाश्म मोजून पाहिला. साध्या क्रमात बिंदू रेघेवर बसेनात, तेरा टप्प्यांच्या क्रमात निदान मोठा डेल्टा कमी ठेवला तेव्हा बसले. अर्ज करतानाच विचारा की हा क्रम यंत्रात बसवलेला आहे का.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काचेच्या मण्यांचा आलेख पडद्यावर उतरत गेला. मोठा डेल्टा ५ मिलिसेकंद असताना गुणांक साध्या पाण्याच्या ०.८२ पट, मग पायरीपायरीने खाली, आणि एका सेकंदाला ०.६३ च्या आसपास जवळजवळ सपाट. सुरुवातीच्या उतारावरून मण्यांचा व्यास काढला तो ५० मायक्रॉनच्या जवळ आला. पार्था मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेलं या सुरुवातीच्या उताराचं सूत्र मी कागदावर कितीतरी वेळा सोडवलं होतं. ते समोरच्या नळीतल्या मण्यांबद्दल खरं बोलत होतं. मला फार आनंद झाला.

कासार्ड्याची धुतलेली वाळू एका सेकंदाला ०.६५ पर्यंत आली, अजून किंचित उतरत होती. न धुतलेल्या वाळूत सिग्नल लवकर संपत होता, त्यामुळे अर्ध्या सेकंदापुढे जाता आलं नाही. फिकट वालुकाश्मात गुणांक बराच खाली गेला, साध्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. इथे एक सावधगिरी हवी. बारीक छिद्रांतल्या पाण्याचा सिग्नल भिंतींमुळे आधी मरतो, म्हणून मोठा डेल्टा लांबवला की जे उरतं ते मोठ्या छिद्रांतलं पाणी असतं. दगडाच्या बाबतीत शेवटचा आकडा सगळ्या छिद्रांचा म्हणून देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. जांभ्याचा क्षीण सिग्नल इथे दिसला, पण ग्रेडियंट लावायला वेळ मिळण्याआधीच तो विझत होता.

निघताना मूळ नोंदी मागून घ्या. पीडीएफमधला तयार आकडा पुरत नाही. प्रत्येक पायरीचा इको, लहान डेल्टा (ग्रेडियंटच्या एका पल्सचा कालावधी) आणि मोठा डेल्टा, ग्रेडियंटचं बळ, तापमान, स्कॅनमधला थांबा, सगळं फाइलमध्ये हवं. तिथे पेनड्राइव्ह चालत नव्हता. फाइली ईमेलने दुसऱ्या दिवशी आल्या.

मार्च-एप्रिल विश्लेषणात गेले. एक पडताळणी भूशास्त्राच्या कुठल्याही विभागात करता येते, ती सांगते. छिद्रांतून वीज वाहते तीही पाण्यातूनच आणि त्याच वळणाच्या वाटांनी. वाळूत खारं पाणी भरून तिची विद्युत रोधकता (वीज वाहायला होणारा अडथळा) मोजली, नुसत्या खाऱ्या पाण्याच्या रोधकतेने तिला भागलं, आलेल्या आकड्याला सच्छिद्रतेने गुणलं आणि त्याचा व्यस्त घेतला. दीर्घ काळाच्या विसरणाचं गुणोत्तर याच्याशी जुळायला हवं. माझ्या वाळूची सच्छिद्रता ०.३९ होती आणि रोधकतेवरून गुणोत्तर ०.६२ आलं. एनएमआरचा ०.६५ हा अजून उतरत असलेला आकडा त्याच्या शेजारी ठेवला तेव्हा समितीतल्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी पहिल्यांदा मान डोलावली. त्यांनी सुचवलं की प्रबंधातल्या प्रत्येक तक्त्यात गुणांकाशेजारी डेल्टा आणि तापमान हे दोन स्तंभ हवेतच. तसे घातले आहेत.

एकूण खर्च, यंत्राचे तास, काचेचे मणी, प्रवास आणि राहणं धरून, पन्नास हजारांच्या आत बसला. जांभ्यासाठी आणि लालसर वालुकाश्मासाठी २ मेगाहर्ट्झच्या यंत्राची चौकशी चालू केली आहे. या वेळी लेखा विभागासाठीचा दाखला आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस जूनमध्येच तयार आहेत. दरम्यान जांभ्याची रोधकता मोजून ठेवते आहे, ती मोजायला चुंबक लागत नाही.